वळवाचे ढग आणि तोडीची घाई



या पानावर आम्ही एरवी बेणे, खताचे हप्ते, हुमणी आणि खोडव्याची निगा याविषयी लिहितो. या खेपेस आभाळाविषयी लिहिणार आहोत. ऊस विकास खात्याचा आणि आभाळाचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो आम्हांला फार महाग पडलेला आहे. पण सुरुवात शहाडपासून करतो.

शहाड म्हणजे कल्याणच्या पुढचे, कसारा मार्गावरचे पहिले स्टेशन. माळशेज उतरून मुरबाडवरून कल्याणला जाणारी आपली वाट शहाडवरूनच जाते. आपल्या भागातले टोमॅटोचे नि कोथिंबिरीचे टेम्पो रोज रात्री त्या पुलावरून जातात, तेव्हा अनेक सभासदांना हे गाव निदान ड्रायव्हरच्या शेजारी बसून पाहिलेले असेल. उल्हास नदी, सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आणि बिर्ला मंदिरातला विठोबा एवढ्या खुणा पुरेत. आमचा भाचा तिथे राहतो.

१३ मे २०२४ रोजी आपल्याकडे लोकसभेचे मतदान होते. सकाळी सातला मत टाकून आम्ही निघालो आणि दुपारच्या जेवणाला शहाडला पोहोचलो. कल्याणचे मतदान पुढच्या सोमवारी होते, म्हणून भाचा मुंबईला कामावर गेलेला. उकाडा असा की पंख्याखालीही घाम पुसावा लागत होता. दुपार कलता कलता भाजी आणायला म्हणून स्टेशनकडे गेलो, तोच मुरबाडच्या अंगाने आभाळ काळे झाले, वारा एकदम पडला, आणि मग जो सुटला तो धूळ, कागद, प्लॅस्टिक, सगळे घेऊनच. चहाच्या टपरीचा एक पत्रा उडून रस्त्यात पडला. लोक सापडेल तिथे घुसले. आम्हीही धावलो आणि कोपऱ्यावरच्या एका भल्या मोठ्या जाहिरातीच्या पाटीखाली जाऊन उभे राहिलो. पाटी मोठी, आडोसा चांगला, असा हिशेब. पलीकडच्या दुकानात शिरलेली एक भाजीवाली म्हातारी तिथून ओरडली, "ओ भाऊ, तिथं नका उभं राहू, पाटी हलतीय ती!" वर पाहिले तर खरेच लोखंडी सांगाडा करकरत होता. आम्ही निमूटपणे तिच्या शेजारी जाऊन उभे राहिलो.

ती पाटी पडली नाही. पण त्याच वादळात घाटकोपरला छेडानगरच्या पेट्रोल पंपावर १२० फूट बाय १२० फुटांचे जाहिरातीचे फलक कोसळले आणि १७ माणसे दगावली. पंपावर पेट्रोल भरायला आणि पावसाच्या आडोशाला थांबलेली माणसे त्याखाली सापडली होती. ठाणे आणि मुलुंडच्या दरम्यान रेल्वेच्या विजेच्या तारांचा खांब वाकला, लोकल अडकल्या. आमचा भाचा घरी पोहोचला तो रात्री साडेदहाला. तोवर बहिणीने दाराशीच बसून काढले. टीव्हीवरचे ते दृश्य पाहताना आम्हांला सारखी ती म्हातारी आठवत होती. शेतकी पदविका आमच्याकडे, आणि आडोसा ओळखण्याची अक्कल तिच्याकडे.

आडोसा चुकीचा निवडला की आडोसाच जीव घेतो. आपल्या शेतात तो आडोसा म्हणजे झाड.

आता हे वादळ होते कसे ते थोडे पाहू. चैत्र-वैशाखात जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढते. समुद्राकडून आलेली दमट हवा त्यात मिसळली की ढग पिंजारलेल्या कापसासारखा न राहता मनोऱ्यासारखा उभा वाढू लागतो. असा ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो. त्याच्या वरच्या भागात बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर घासतात, त्यातून विजेचा भार साठतो आणि तो जमिनीकडे वाट शोधतो. वीज ज्या वाटेने येते तिथली हवा क्षणभर सुमारे ३०,००० अंशांपर्यंत तापते. ती हवा फुटल्यासारखी फाकते, तोच गडगडाट. वळवाचा पाऊस आपल्याकडे बहुधा दुपारनंतर येतो, कारण सकाळभर जमीन तापवायला सूर्याला वेळ लागतो. मोसमी पाऊस एकदा स्थिरावला की विजा कमी होतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीच्या पावसाबरोबर पुन्हा वाढतात.

आता आपला हंगाम यावर ठेवून पाहा. टोळ्या येतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात, परतीच्या पावसाच्या शेपटाला. उघड्या माळावर कोप्या घालतात. आणि हंगाम लांबला तर तोड चालते मार्च-एप्रिलात, वळवाच्या तोंडाला. २०२१-२२ चा हंगाम तर राज्यात जूनपर्यंत ओढला गेला. मराठवाड्यात ऊस उभा राहिला आणि टोळ्या पावसाचे ढग डोक्यावर घेऊन तोडत होत्या. म्हणजे गाळपाची दोन्ही टोके विजांच्या दिवसांत अडकलेली आहेत. देशात दरवर्षी अडीच हजारांवर माणसे विजेने मरतात. २०२२ साली सरकारी नोंदीप्रमाणे २,८८७ मेली. त्यातली बहुतेक शेतात काम करणारी.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगतो.

२०१५ चा एप्रिल होता. हंगामाचे शेवटचे दिवस. यार्ड रिकामे, गव्हाणीत ऊस कमी पडत होता, आणि गाड्या लवकर पाठवा म्हणून फोनवर फोन येत होते. आम्ही एका माळरानाच्या फडावर बांधाला मोटारसायकल लावून उभे होतो. तीन वाजले असतील. डोंगराच्या पलीकडे गुरगुर सुरू झाली. मुकादम जवळ येऊन म्हणाला, "साहेब, आभाळ लई भरून आलंय. थांबू का जरा?" गाडी भरायला थोड्याच मोळ्या राहिल्या होत्या. आम्ही म्हणालो, "एवढी गाडी भरून टाका, मग थांबा."

हे शब्द आमचे. ते दुसऱ्या कोणाच्या नावावर टाकता येत नाहीत.

गाडी भरली. तोवर पावसाचे टपोरे थेंब सुरू झाले आणि सगळी माणसे बैलांसकट बांधावरच्या लिंबाखाली गेली. आम्ही मोटारसायकलवरून निघालोच होतो. उजेड आणि आवाज एकदमच झाला, मागेपुढे नाही. वळून पाहिले तो लिंबाची साल वरून खालपर्यंत सोललेली, दोन बैल जागीच पडलेले, आणि एकोणीस वर्षांचा एक मुलगा आडवा. अंगावर जखम नाही. नुसता झोपल्यासारखा. त्याचा थोरला भाऊ त्याला उचलायला धावला, तर चौघांनी त्याला धरून ठेवले. "हात लावू नको, अंगात करंट हाय त्याच्या!" कोणी म्हणाले, शेणात ठेवा, शेण वीज ओढून घेते. दोघे पाटी घेऊन गोठ्याकडे पळाले. आम्ही काय केले? आम्हीही उभे राहिलो. आम्हांलाही तेच खरे वाटत होते.

शेवटी टेम्पोत घालून ग्रामीण रुग्णालयात नेले, चाळीस मिनिटे गेली. डॉक्टरांनी तपासून चादर ओढली. मग बाहेर येऊन आम्हांला बाजूला घेऊन म्हणाले, "विजेने हृदय थांबतं, पण माणूस भाजून मेलेला नसतो. पहिल्या मिनिटांत कोणी छाती दाबली असती तर चान्स होता." एवढे बोलून ते आत गेले.

म्हणून पहिली गोष्ट हीच लिहितो, बाकीचे नंतर. विजेने पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. वीज त्याच्यातून गेली, क्षणात जमिनीत गेली. त्याला लगेच हात लावता येतो. तो हाकेला ओ देत नसेल, नीट श्वास घेत नसेल, तर त्याला सपाट जागी उताणा करावा, छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून, कोपर सरळ ठेवून, सुमारे दोन इंच खाली जाईल इतके जोराने दाबावे आणि सोडावे. मिनिटाला १०० ते १२० वेळा. शिकलेल्या माणसाने ३० दाबांनंतर दोनदा तोंडाने श्वास द्यावा, न शिकलेल्याने नुसते दाबत राहावे. एक दमला की दुसऱ्याने घ्यावे. एकाने १०८ ला फोन लावावा. शेण, माती, पाणी काही नको, त्यात जाणारी मिनिटे त्याची असतात. आणि एकाच वेळी पाच-सहा जण पडले असतील तर जो कण्हतो, ओरडतो तो बहुधा वाचणारा आहे. आधी गप्प पडलेल्याकडे जावे. वादळ अजून डोक्यावर असेल तर शक्य तेवढ्या लवकर त्याला झाडापासून दूर ओढून न्यावे.

पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. आमच्या आजीने एका पायाळू चुलत्याला वळवाच्या दिवसांत घराबाहेर जाऊ दिले नाही, तो नव्वदीपर्यंत जगला, म्हणजे समजूत निरुपद्रवी ठरली असे म्हणता येईल. परंतु जो पायाळू नाही तो निर्धास्त होऊन झाडाखाली जातो, हा तिचा तोटा. विजेला कोण कसा जन्मला हे कळत नाही. आसपास जे उंच आहे, एकटे आहे, टोकदार आहे, त्यावर ती उतरण्याचा संभव अधिक. माळावरचा एकटा लिंब तसाच. झाडावर पडलेली वीज सालीतून खाली येता येता शेजारच्या माणसावर उडी मारते, आणि बुंध्यातून जमिनीत उतरल्यावर चहूकडे पसरते. जमिनीतून पसरणाऱ्या या विजेनेच जास्त माणसे मरतात. एक पाय बुंध्याजवळ आणि एक दूर असला की एका पायातून ती चढते, दुसऱ्यातून उतरते. बैलाचे पुढचे-मागचे पाय लांब अंतरावर, आणि मधे काळीज. म्हणून एका झाडाखाली बांधलेली जनावरे एकदम पडतात आणि माणूस कधीकधी वाचतो.

मग जावे कोठे? पक्क्या, चारी बाजूंनी बंद इमारतीत. शाळेची खोली, ग्रामपंचायत, सोसायटीचे गोदाम, पक्के घर. शाळेचा उघडा व्हरांडा नव्हे. ट्रकची लोखंडी केबिन काचा वर करून चालते, जीप चालते. ट्रॅक्टर चालत नाही, ट्रॉलीखाली बसणे चालत नाही. कोपी तर मुळीच नाही, तिच्यात बांबू, पाचट आणि प्लॅस्टिकच्या कागदापलीकडे काही नसते. उभ्या उसात शिरून बसणे हाही आडोसा नव्हे. तारेचे कुंपण, ठिबकची तार, मोटारीचा स्टार्टर, विहिरीचा लोखंडी पाइप यांपासून लांब राहावे. वीज येता येता मोटार बंद करायला धावणारे सभासद आम्ही पाहिले आहेत. मोटार नवी घेता येते. पाण्यात असाल, शेततळ्यात किंवा नदीत, तर आधी बाहेर या. हातातला मोबाइल वीज ओढत नाही, चार्जरच्या वायरीला लावून कानाला धरला तर मात्र घरातही धोका.

जवळ काहीच नसेल तर उंच जागा आणि झाड सोडावे, एकमेकांपासून वीस-पंचवीस पावले फाकावे आणि दोन्ही पाय जुळवून, डोके खाली घालून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. हा उपाय नाइलाजाचा आहे, यावर भिस्त ठेवून कामाला थांबू नये.

केव्हा थांबावे, याला घड्याळ लागत नाही. आवाज तीन सेकंदांत एक किलोमीटर जातो. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजावे. तीस मोजण्याआत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्यावर पडू शकते. खरे म्हणजे गडगडाट ऐकू आला, याचाच अर्थ तुम्ही तिच्या आवाक्यात आहात. पाऊस तुमच्याकडे नाही, ऊन आहे, तरीही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये, कारण जाता जाता ढग एखादी मागे टाकतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' नावाचे अॅप आता फुकट मिळते. आपल्या जागेभोवती वीस ते चाळीस किलोमीटरवर विजा पडत असतील तर ते दाखवते. प्रत्येक चिटबॉयच्या फोनमध्ये ते असावे, असे आमचे म्हणणे आहे. रेंज नसेल तिथे कान आहेतच.

आता सभासदांना थोडे कडू बोलतो. "तोडलेला ऊस वाळतोय, साहेब" हे आम्ही ऐकतो. वाळतो, खरे आहे. उन्हाळ्यात तोडलेला ऊस पडून राहिला तर वजन घटते, उतारा घटतो. पण तो घाटा दिवसांच्या हिशेबात मोजायचा असतो. तास-दीड तास तोड थांबल्याने कोणाचा ऊस बुडाला असे आम्ही पंचवीस हंगामांत पाहिले नाही. तोड लवकर मिळावी म्हणून खुशाली देणारे आपणच, आणि पैसे दिलेत म्हणून पावसात गाडी भरायला लावणारेही आपणच. टोळी नाही म्हणू शकत नाही. तिने मुकादमाकडून उचल घेतलेली असते, तिला आज किती टन झाले याच्यावर जगायचे असते. म्हणून थांबा म्हणण्याचे काम फडावर जो साहेब असेल त्याचे आहे, आणि त्याच्या अनुपस्थितीत शेताच्या मालकाचे.

वाऱ्याविषयी थोडक्यात. गोठ्याचे पत्रे नुसत्या दगडांवर ठेवू नका, उडालेला पत्रा कोयत्यासारखा कापतो. जे-हुकांनी आवळा, मे उजाडण्याआधी एकदा फिरून पाहा. वाळलेल्या, घराकडे झुकलेल्या फांद्या उतरवा. आडसाली ऊस मे महिन्यात भारी झालेला असतो, मोठी बांधणी नीट झालेली नसेल तर एका वादळात लोळतो. लोळलेल्या उसाला डोळे फुटतात, उंदीर लागतात. अशा प्लॉटची माहिती गट ऑफिसला द्या, मात्र तो उभा करण्याच्या भानगडीत पडू नका, मुळे तुटतात. वादळानंतर शेतात जाताना आधी वर आणि मग खाली पाहा. तुटलेली तार ओल्या उसात दिसत नाही. ती मेलेली आहे असे कधीही धरू नये, महावितरणला १९१२ वर कळवावे, आणि तिच्याजवळ सापडलाच तर मोठी ढांग न टाकता पाय घासत लहान लहान पावलांनी मागे यावे. पायांतल्या अंतराचा हिशेब इथेही तोच.

कारखान्याची चिमणी सगळ्या भागाची वीज ओढून घेते का, असे एका सभासदाने विचारले होते. चिमणीवरचा तडितरक्षक म्हणजे टोकापासून जमिनीपर्यंत उतरवलेली धातूची पट्टी. शहाडच्या धुराड्यांवर असो की आपल्या, तिचे काम एकच, आपल्या अंगावर पडलेली वीज सुखरूप जमिनीत नेणे. तिचे संरक्षण तिच्या उंचीच्या आसपासच्या वर्तुळापुरते. चार कोसांवरच्या फडाला तिचा काही उपयोग नाही.

दुर्घटना झालीच तर तलाठी आणि पोलीस पाटलांना त्याच दिवशी कळवावे. पंचनामा आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय मदतीचे प्रकरण पुढे जात नाही, आणि दुःखात घाईने अंत्यविधी उरकल्यामुळे घरे मदतीला मुकल्याचे आम्ही पाहिले आहे. वीज पडून मृत्यू झाल्यास वारसांना शासनाकडून चार लाख रुपयांचे साहाय्य आहे. खातेदार शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत दोन लाखांची तरतूद आहे, तो अर्ज कृषी खात्याकडे. बैल, गाय, म्हैस गेली तरी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घ्यावे, पुरून मोकळे होऊ नये.

त्या मुलाचा थोरला भाऊ दोन हंगाम आला नाही. नंतर येऊ लागला, आता तो स्वतःच मुकादम आहे. आमच्याशी कामापुरते बोलतो, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. गेल्या हंगामात परतीचा पाऊस अजून रेंगाळत असताना त्याची टोळी ओढ्याकाठच्या वस्तीवर उतरली. कोप्या अजून उभ्या राहायच्या होत्या. आम्ही फड दाखवायला गेलो तेव्हा त्याने उसाकडे पाहिलेही नाही. विचारले, "साहेब, हितं पक्कं घर कोणतं?" आम्ही शाळा दाखवली. "सुट्टीत कुलूप असतं तिला," तो म्हणाला. आम्ही त्याला गाडीवर मागे बसवून गुरुजींच्या घरी नेले. त्यांनी दुसरी किल्ली काढून दिली, ती त्याने करगोट्याला बांधली, आणि मग म्हणाला, "आता दाखवा ऊस."